किल्ल्या तुझ्याकडे आहेत, म्हणून रात्र तुझी नाही

माई,
मी ३४ वर्षांची. जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी नगरपालिकेचं नाट्यगृह आहे, तिथे एजन्सीमार्फत व्यवस्थापक आहे. नऊ वर्षं होतील. तारखा देणं, भाडं, अनामत, साउंडवाला, जनरेटर, सफाई, सगळं माझ्याकडे. किल्ल्यांचा जुडगाही माझ्याच घरी, देवघराशेजारच्या खिळ्याला. यजमान भुसावळला लोको पायलट. मुलगा दुसरीत आहे, रोज विचारतो, "आई, आज हॉल आहे का?" सासूबाई म्हणतात, "रातना बारा वाजता सून बाहेर, लोके काय म्हनतीन?" यंदा कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाला, सगळी भाऊबंदकी घरी जमली आणि मी हॉलवर. त्या रविवारी सकाळी एका नृत्यवर्गाच्या मुलींचा कार्यक्रम होता, त्यांच्या बाईंनी दोन महिने आधी पैसे भरले होते. दुपारी घरी पोचले असते. पण आदल्या दिवशी एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला आणि मुलींची तारीख काढून सत्काराला दिली. तो रात्रीपर्यंत चालला. वर मधल्या वाटेत खुर्च्या टाकायला लावल्या. आता हायवेवरचे एक लॉन्सवाले जास्त पगार देतो म्हणतात. तिकडे जाऊ, की घरीच बसू? यजमान काहीच बोलत नाहीत.

---

घरी बसू नकोस. नऊ वर्षं एक सार्वजनिक जागा चालवणं म्हणजे काय, हे तुला घरात कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. पडदा वेळेवर उघडला, माइक लागला, बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी होतं, तर प्रेक्षकाला व्यवस्थापक आठवत नाही. ती आठवते एसी बंद पडल्यावर. अशा कामात कौतुक बाहेरून येत नाही आणि तुझ्याकडे ते घरातूनही आलेलं नाही. तुझ्या पत्रातला थकवा मला त्याचा जास्त वाटला, कामाचा कमी.

आता किल्ल्यांचं. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. मेकअप रूम, तिकीट खिडकी, जनरेटरची खोली, स्टोअर, सगळं एका जुडग्यात आणि तो तुझ्या घरी. म्हणजे रात्री अकराला नेपथ्याचा टेम्पो आला तरी फोन तुलाच, पहाटे सफाईवाली आली तरी तुलाच. तू घरी असतेस तेव्हाही हॉलवरच असतेस आणि मुलाला ते कळतं. "आज हॉल आहे का" असं तो उगीच विचारत नाही. येत्या सोमवारी जुडग्याची दुसरी प्रत कर. जनरेटर आणि मीटर रूमची किल्ली इलेक्ट्रिशियनकडे, दारांची वॉचमनकडे, रोख आणि तिकीट खिडकीची फक्त तुझ्याकडे. एका वहीत कोणी घेतली, कधी परत केली, सही. एजन्सीला पत्र देऊन पोच घे. काही हरवलं तर माझ्यावर येईल, ही भीती तुला वाटेल. आज काही हरवलं तर ते तुझ्या एकटीवरच येणार आहे. वहीत सह्या असल्या की निदान जबाबदारी वाटली जाते.

यजमान बोलत नाहीत म्हणतेस. मला ते वाईट वाटत नाहीत, त्यांना हा प्रश्न कुणी त्यांच्या भाषेत विचारलेलाच नाही. त्यांना रात्री दोनला कॉल येतो, तू डबा भरून देतेस, ते सकाळी झोपतात तेव्हा पोराला "हळू बोल, बाबा झोपलेत" असं घरभर सांगितलं जातं. लोक काय म्हणतील, हे त्यांच्या रात्रीबद्दल कुणी विचारलं नाही. तरी भांडण म्हणून हे मांडू नकोस. त्यांना एवढंच विचार, की आठ तासांच्या वर ड्यूटी झाली तर तुम्हाला मुख्यालयात १६ तास विश्रांती नियमाने मिळते ना? मालगाडीवर असतील तर कॉलचा नेम नसतो, पण विश्रांतीचा असतो. तसा नियम माझ्या कामात कुठेच लिहिलेला नाही, तो लिहायला मला मदत करा, असं म्हण. रात्रीच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनआधी हॉलवर जायचं नाही आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण बंद, एवढ्या दोन गोष्टी लेखी मागितल्यास तरी पुष्कळ आहे. रेल्वेतल्या माणसाला ड्यूटीचे तास कळतात. तो या कामात तुझा चांगला साथीदार होऊ शकतो.

सासूबाईंशी "लोक" या विषयावर वाद घालू नकोस, तो कधीच संपत नाही. मला त्यांच्या बोलण्याच्या मागे वेगळीच गोष्ट दिसते. मुलगा रेल्वेवर, सून हॉलवर, घरात एक म्हातारी बाई आणि सात वर्षांचं पोर. रात्री पोराला ताप चढला तर ती कुणाला उठवणार? ही भीती त्या तोंडाने सांगत नसतील. दोघांची रात्रपाळी एकत्र येते त्या दिवशी शेजारची कुणीतरी किंवा जाऊबाई घरी झोपायला येईल, असं आधी ठरव आणि सासूबाईंच्या देखत ठरव. मग एखाद्या दुपारी, अहिराणी कार्यक्रम असेल तेव्हा, त्यांना तिसऱ्या रांगेत बसव. सून तिथे नेमकं काय करते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

तारखेच्या बाबतीत मी तुला मऊ बोलणार नाही. दोन महिने आधी पैसे भरलेल्या बाईंची तारीख फोनवर काढून देणं चूक होतं. तुझ्यावर दबाव होता, मान्य आहे. पण नाचाच्या पोशाखात तयार व्हायच्या त्या मुली कुणाच्या दबावाखाली घरी बसल्या, याचा विचार कर. त्या बाईंना स्वतः फोन कर, माफी माग आणि त्यांना हवी ती मोकळी तारीख दे. पुढच्यासाठी नियम असा ठेव: पैसे भरले, पावती फाडली, तारीख त्यांची. ती बदलायची तर मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र, कारणासकट. फोनवाल्याला शांतपणे म्हणायचं, "साहेब, पत्र पाठवा, मी लगेच करते." फोन करणं सोपं असतं, सही करायला माणूस दहादा विचार करतो. पत्र आलंच, तर निर्णय त्यांचा आणि कागदही त्यांचा.

खुर्च्यांच्या बाबतीत तर पत्र आलं तरी ऐकू नकोस. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. तिथे वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडवली होती. मधल्या वाटेतली खुर्ची म्हणजे कुणाच्या तरी पळण्याची अडवलेली वाट. "जागा भरली, दार बंद" असं म्हणताना तुला कुणी उद्धट म्हटलं तर म्हणू दे. आणि तुझी हरकत त्याच दिवशी लेखी नोंदव.

याच धाग्यावर एक सुचवते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू. तुझ्या हॉलची वायरिंग, पडदे, दारांचे कडी-कोयंडे शेवटचे कधी तपासले? डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांची रीघ असते, तेव्हा शक्य नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, मागणी कमी होते. त्यातला एक आठवडा देखभालीसाठी बंद ठेवायचा प्रस्ताव आत्ताच दे. दिवसा काम, संध्याकाळी सहाला घरी, तेही मुलाला सुट्टी असताना. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दोन दिवस आणि कानबाईचा रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच रजेत मांड. नागपंचमीनंतरचा रविवार कधी येतो हे पंचांगात छापलेलं असतं. त्या दिवशी हॉल कोण सांभाळणार त्याचं नाव रजेच्या अर्जातच लिही.

राहिले लॉन्सवाले. पगार जास्त आहे एवढ्यावर जाऊ नकोस. तिथे हळदीची रात्र, डीजे आणि रात्री दहानंतर पोलिसांचा फोन घेणारी तूच असशील. बंदिस्त नाट्यगृहाच्या आत चालणाऱ्या माइकला दहाची मर्यादा आड येत नाही, उघड्या लॉनवर येते, आणि वरपक्षाला ते समजावणं फार कठीण असतं. एक गोष्ट मात्र लॉन्सच्या बाजूने आहे, ती तू लिहिली नाहीस: चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात, संध्याकाळी मोकळ्या मिळतील. म्हणून पहिला प्रश्न हा विचार, की त्या चार महिन्यांत पगार पूर्ण की अर्धा? दुसरा, पीएफ भरता का?

हा दुसरा प्रश्न तुझ्यासाठी मोठा आहे. नगरपालिकेचा ठेका बदलला की एजन्सी बदलते, पण तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. आज रात्री मोबाइलवर पासबुक उघड आणि प्रत्येक एजन्सीने प्रत्येक महिन्याचे पैसे भरलेत का ते बघ. तुझ्या पगारातून १२ टक्के कापतात, तेवढेच त्यांनी घालायचे असतात आणि त्यांच्या वाट्यातूनच पेन्शनचा हप्ता जातो. त्या पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी भरावी लागते. तुझी नऊ झाली आहेत. मधले महिने गायब असतील तर एजन्सीला लेखी विचार, पीएफ कार्यालयात तक्रार करता येते. पीएफ न भरणाऱ्या ठिकाणी आत्ता गेलीस तर दहावं वर्ष तिथेच अडकेल.

लॉन्सवाल्यांना नाही म्हणू नकोस, हो पण म्हणू नकोस. दिवाळीपर्यंत वेळ माग. त्यांचा मोसम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, तोवर थांबायला त्यांना जड जाणार नाही.