आधी तारीख बघ

प्रिय पोरी,

एकाच तुरुंगाबद्दल दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात, मग खोटं कोण, यावर तू अडून बसलीस. वाचनालयातल्या कार्यक्रमाचे उतारेही त्यापायी ठरेनात. खरंखोटं मागाहून. पान लिहिलं कधी, ते आधी बघ.

वहीत चार रकाने आख: घडलं कधी, लिहिलं कधी, कोणाच्या हातानं, छापलं कधी. प्रस्तावनेचा शेवट आणि पहिल्या आवृत्तीचं साल पाहिल्याशिवाय पहिलं प्रकरण उघडू नको. हातातल्या आवृत्तीचं साल लेखनाचं धरतात, तिथेच पहिला घोटाळा होतो.

‘माझी जन्मठेप’ घे. सावरकर अंदमानात पोचले 1911 मध्ये, पुस्तक आलं 1927 मध्ये. कोठडीत कागद-पेन्सिल मिळत नव्हती, कविता पाठ करून जपाव्या लागल्या. तेव्हा हे सुटकेनंतरचं, आठवणीतून केलेलं लेखन. पुढे काय झालं ते सांगणाऱ्याला ठाऊक आहे. जयप्रकाश नारायणांची डायरी 1975 ची, चंदीगडच्या स्थानबद्धतेतली. आणीबाणी कधी उठेल, लिहिताना त्यांना माहीत नव्हतं. ती घालमेल ‘जन्मठेपे’त शोधू नको. म्हणून म्हणतो, तारीख!

टिळकांनी मंडालेत 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनं लिहिलं, पण त्यात तुरुंगातले दिवस शोधशील तर हाती काही लागणार नाही. भगतसिंगांच्या तुरुंगातल्या वहीत बहुतेक वाचलेल्या पुस्तकांतले उतारे आहेत. आणि पवनारच्या विनोबांची ‘गीता प्रवचने’? 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले, साने गुरुजींनी उतरवून घेतलं. तिसरा रकाना त्यासाठीच.

वाचताना ‘आज’, ‘आत्ता’ यांखाली रेघ मार. रोजनिशीच्या नोंदीत ‘पुढे कळले’ असं दिसलं, तर ती ओळ मागाहून घातलेली असणार. आणि कैद्याचा कागद अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायचा. सोबत्यांची नावं, बाहेरचे निरोप गाळावेच लागत. लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही, असं लिहून आणलंस तर वही परत करीन.

तारखांपायी मी वाचनातला रस घालवतो, असं गावात पुष्कळांना वाटतं. वाटू दे. साल न सांगता उतारा वाचला की टाळ्या पडतात, पण तो माणूस कोठडीत होता की सुटून घरी बसला होता, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मला ते सहन होत नाही, होणारही नाही.

चिमूर-आष्टीच्या 1942 च्या लढ्यात आपलेच कास्तकार तुरुंगात गेले. त्यांना वेळेवर विचारून लिहून घ्यायला हवं होतं; ती माणसं गेली, ही खंत मला सोडत नाही. कुणा घरी जुनी वही निघाली तर आहे तशी उतरव, शुद्धलेखनही सुधारू नको. नातवानं ऐकीव सांगितलं, तर ‘नातवाकडून’ असं लिही आणि ऐकल्याची तारीख टाक.

बाजाराच्या दिवशी येशील तेव्हा उताऱ्यांची यादी आण. चारही रकाने भरलेले असू दे.

तुझे,
गुरुजी