कोकणात घरामागे मधमाश्या पाळायच्या आहेत. कोणत्या माशीने, किती पेट्यांनी सुरुवात करावी?

सातेरीने सुरुवात करा, आणि एक नव्हे, दोन पेट्या घ्या. सातेरी इथलीच, आसपासच्या फुलोऱ्यावर भागवते. मेलिफेरा (बाहेरून आणलेली युरोपीय माशी) मध जास्त देते, पण तिच्या पेट्या सूर्यफूल-मोहरीच्या शेतांमागे हिंडवाव्या लागतात. दोन अशासाठी, की एकीतली राणी मेली तर दुसरीतली ताजी अंडी असलेली पोळ्याची चौकट तिथे ठेवता येते. त्यातून माश्या नवी राणी घडवतात. हे स्वतः सातेरी पाळून सांगतोय. मात्र पावसाळ्यात फुलं नसली (किंवा मेणकिडा लागला) की सातेरी पेटी सोडून सरळ निघून जाते, म्हणून तेव्हा साखरेचा पाक द्या, तोही संध्याकाळी, न सांडता. पेट्या घेण्याआधी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाची चौकशी करा. आग्याच्या नादी लागू नका, ती पेटीत राहत नाही.