ऐपत नसताना जुन्या मोटारींचे लिलाव का आणि कसे पाहावेत?

आपण विचारले आहे की परदेशांत होणारे क्लासिक मोटारींचे लिलाव इंटरनेटवर पाहण्याची गोडी लागली, पण गाडी घेण्याची ऐपत नाही आणि कोटींचे आकडे ऐकून काही दिवसांनी कंटाळा येऊ लागतो. मग त्यात पाहण्यासारखे आणखी काय असते आणि ते कसे पाहावे? मी पुण्यात बसून गेली बारा-तेरा वर्षे हे लिलाव पाहतो आहे. एकदाही बोली लावलेली नाही आणि पुढे लावीन असेही नाही. आकड्यांचा कंटाळा येणे मला स्वाभाविक वाटते, कारण आकडा हा या व्यवहाराचा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत कमी बोलका भाग आहे. पाहण्यासारखे जे असते, ते हातोडा पडण्याच्या, म्हणजे शेवटची बोली पक्की होण्याच्या, कित्येक दिवस आधी, गाडीच्या छापील वर्णनात असते.

तरीही आकडा नीट वाचता यायला हवा, म्हणून आधी तेवढे सांगतो. ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आरएम सदबीज या लिलावसंस्थेने 1962 सालची फेरारी 250 जीटीओ, चॅसी क्रमांक 3413, विकली. वर्तमानपत्रांत आकडा आला 4 कोटी 84 लाख 5 हजार डॉलर. प्रत्यक्षात हातोडा पडला तो 4 कोटी 40 लाखांवर. उरलेली रक्कम म्हणजे खरेदीदाराने लिलावसंस्थेला द्यायचा आकार, पहिल्या अडीच लाखांवर 12 टक्के आणि त्यापुढील रकमेवर 10 टक्के. त्याच्या चार वर्षे आधी बॉनहॅम्स या दुसऱ्या लिलावसंस्थेने विकलेल्या दुसऱ्या जीटीओचा 3 कोटी 81 लाख 15 हजार डॉलर हा आकडाही असाच आकारासह होता. लिलावापूर्वी जी अंदाजित किंमत छापली जाते, ती मात्र बहुधा हा आकार न धरता दिलेली असते. बातमीतला आकडा आणि छापील अंदाज शेजारी ठेवून ‘अंदाजापेक्षा जास्त मिळाले’ असे म्हणणारे पुष्कळ जण या दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करीत असतात.

दुसरी गोष्ट राखीव किमतीची. विक्रेता ज्या रकमेखाली गाडी देणार नाही, ती रक्कम लिलावसंस्थेला गुप्तपणे कळवलेली असते आणि बोली तिथपर्यंत पोहोचली नाही, तर गाडी परत जाते. ज्या गाडीला राखीव किंमत नसते, तिच्या वर्णनात तसे ठळकपणे लिहिलेले असते. परत गेलेल्या गाड्यांची बातमी क्वचितच होते, पण माझ्या मते शिकण्यासारखे सर्वाधिक तिथेच असते. मे 2022 मध्ये मर्सिडीजची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे 13 कोटी 50 लाख युरोंना गेली आणि जगातील सर्वांत महाग मोटार ठरली. परंतु 1955 साली अशा दोनच गाड्या बनल्या होत्या आणि स्टुटगार्टच्या संग्रहालयातील तो लिलाव निवडक निमंत्रितांपुरताच होता. तुलना करण्यासारखे शेजारी दुसरे काही नसल्यामुळे त्या विक्रीतून बाजाराविषयी फारसे काही कळत नाही. याउलट ऑगस्ट 2019 मध्ये माँटेरेलाच आलेली पोर्शे टाइप 64 विकली गेली नाही आणि तिच्यातून खूप काही कळले.

ही गाडी फर्डिनांड पोर्शे यांनी 1939 साली, बर्लिन ते रोम या ठरलेल्या शर्यतीसाठी तयार केली होती. पुढे ती ऑटो माथे या ऑस्ट्रियन शर्यतपटूकडे अनेक दशके राहिली. लिलावाआधी तिची जाहिरात पोर्शे या नावाचा मान मिळालेली सर्वांत जुनी गाडी अशी झाली. पण पोर्शे कंपनी स्वतः आपली पहिली गाडी म्हणून 1948 सालच्या 356 या मॉडेलकडे बोट दाखवते. म्हणजे वाद किमतीचा नव्हता, गाडीला नेमके काय म्हणायचे याचा होता. लिलावाच्या वेळी पुकारणाऱ्याने 1 कोटी 30 लाख डॉलर (इंग्रजीत ‘थर्टीन मिलियन’) अशी सुरुवात केली आणि ते ‘थर्टी’ असे ऐकले गेल्यामुळे पडद्यावर 3 कोटी झळकले. पुढे 1 कोटी 70 लाखांच्या जागी 7 कोटी दिसेपर्यंत हे चालले, सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि आकडा दुरुस्त झाल्यावर तिथेच निषेधाचे आवाज उठले. गाडी न विकता परत गेली. लोकांना गोंधळ आठवतो. मला मात्र असे वाटते की पडदा सुरुवातीपासून बरोबर असता, तरीही नावाविषयीचा तो प्रश्न त्या सभागृहात उभाच राहिला असता.

आता वर्णनाकडे येतो. लिलावाच्या पुस्तिकेत खोटे सहसा लिहीत नाहीत, कारण ते कायद्याने अंगाशी येते; मात्र न लिहिण्याची कला तिथे फार वरच्या दर्जाची असते. ‘याच गाडीचे मूळ इंजिन’ आणि ‘योग्य प्रकारचे इंजिन’ या दोन वाक्यांत कित्येक लाखांचे अंतर असते; दुसऱ्याचा अर्थ मूळ इंजिन केव्हातरी गेले आणि त्याच जातीचे दुसरे बसवले, इतकाच. ‘असे समजते’ हे शब्द आले की पुढच्या विधानाला कागद नाही असे धरावे. ‘पूर्वी केलेली दुरुस्ती आता छान मुरली आहे’ म्हणजे रंगकाम जुने झाले आहे आणि खाली काय आहे ते आपले आपण पाहावे. आणि 1962 ते 1970 पर्यंतचे मालक नावानिशी दिलेले असतील, 1985 नंतरचेही दिलेले असतील, तर मधल्या पंधरा वर्षांत गाडी कुठे होती हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे.

हे वाचन अंगवळणी पडावे यासाठी माझा आग्रहाचा सल्ला असा की सगळ्या गाड्यांच्या मागे न लागता एकच मॉडेल निवडावे आणि काही वर्षे तेच धरून ठेवावे. मी जग्वार ई-टाइप निवडली. ही गाडी मार्च 1961 मध्ये जिनिव्हा येथे प्रथम दाखवली गेली, 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिली आणि एकूण सुमारे 72 हजार बनल्या. त्यामुळे जवळपास प्रत्येक मोठ्या लिलावात एखादी तरी येतेच. अगदी सुरुवातीच्या सुमारे 500 गाड्यांच्या बॉनेटचे कुलूप बाहेरच्या बाजूला होते आणि ते टी आकाराच्या किल्लीने उघडावे लागे. पहिल्या वर्षभरातील गाड्यांचा तळ सपाट होता, पायांसाठी खोलगट जागा नंतर आली. उंच माणसाला त्या सपाट तळाच्या गाडीत बसणे जड जाते, आणि नेमकी तीच गैरसोय आज किंमत वाढवते. 1964 च्या अखेरीस 3.8 लिटरच्या जागी 4.2 लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर सहज पडू देणारी रचना) असलेला गिअरबॉक्स आला. चालवायला ही गाडी निःसंशय सोपी, तरीही संग्राहकांची ओढ आधीच्या गाड्यांकडे. जे गैरसोयीचे होते म्हणून कारखान्याने बदलले, तेच आता दुर्मीळ म्हणून मोलाचे झाले आहे, हे एक मॉडेल धरून ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ई-टाइपचा आणखी एक फायदा म्हणजे तिचे कागद. जग्वारच्या वारसा संस्थेकडे कारखान्याच्या नोंदी आहेत आणि त्यांच्या आधारे दिलेल्या प्रमाणपत्रावर चॅसी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे मूळ क्रमांक, मूळ रंग, आतील कातड्याचा रंग, गाडी बाहेर पडल्याची तारीख आणि ती कोणत्या विक्रेत्याकडे गेली, एवढे सारे असते. वर्णनातील छायाचित्रांत इंजिनाजवळची क्रमांकपट्टी दिसत असेल, तर ती प्रमाणपत्राशी ताडून पाहण्यात एक संध्याकाळ सहज जाते. बहुसंख्य ई-टाइप अमेरिकेत निर्यात झाल्या होत्या आणि त्यांतील कित्येक पुढे इंग्लंडला परत आणून उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या केल्या गेल्या. मूळ स्टिअरिंग कोणत्या बाजूला होते, हे प्रमाणपत्र सांगते आणि वर्णन कधी कधी सांगत नाही. मूळ लाल कातडे असलेल्या करड्या गाडीला पुढे कोणीतरी गडद हिरवा रंग दिलेला पाहिला की मला खरोखर वाईट वाटते. तसे करणे बेकायदा नाही, पण त्या गाडीची ओळख एका थराने झाकली जाते.

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना एका लिलावाच्या आदल्या दिवशी गाड्या जवळून पाहण्याची संधी मिळाली, आणि पडद्यावर काय दिसत नाही ते त्या दिवशी समजले. पुस्तिकेत जिचे पानभर कौतुक होते, त्या 4.2 लिटरच्या ई-टाइपच्या बॉनेटची फट एका बाजूला करंगळी शिरेल एवढी आणि दुसऱ्या बाजूला कागदही जाणार नाही एवढी होती. ई-टाइपचे बॉनेट म्हणजे गाडीचा जवळजवळ अर्धा पुढचा भाग असतो, त्यामुळे तिथली फट विषम असेल, तर गाडी केव्हातरी समोरून आपटली असावी किंवा पत्रा बसवताना घाई झाली असावी अशी शंका येते. शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक दाराखालच्या पट्टीला लावले; ते धरले नाही, म्हणजे तिथे पत्र्यापेक्षा पुट्टी जास्त. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये बोटाची टिचकी मारून पत्रा ओळखतात, तीच ही विद्या. दुसऱ्या दिवशी ती गाडी अंदाजाच्या बरीच खाली थांबली आणि ते का घडले हे मला बातमी न वाचता माहीत होते.

जुन्या कोठारात सापडलेल्या गाड्यांविषयी आपल्याला उत्सुकता असेलच. न्यूकॅसलच्या एका गॅरेजमध्ये 1960च्या दशकापासून उभी असलेली 1937 सालची बुगाटी 57 एस अटलांट फेब्रुवारी 2009 मध्ये पॅरिस येथे 34 लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. तिचे पहिले मालक अर्ल होव हे ब्रिटिश शर्यतपटूंच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. धुळीची छायाचित्रे सर्वत्र फिरली, पण त्या किमतीला आधार होता तो मालकांच्या अखंड साखळीचा. फेब्रुवारी 2015 मध्ये, पॅरिसलाच, बायों या फ्रेंच कुटुंबाच्या शेडमध्ये सापडलेल्या गाड्या आर्टक्यूरियल या संस्थेने विकल्या. त्यांतील मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, जी एकेकाळी अभिनेता आलँ दलाँ याच्याकडे होती, ती सुमारे 1 कोटी 63 लाख युरोंना गेली. त्याच शेडमधल्या कित्येक गाड्यांचे मात्र नुसते सांगाडे उरले होते. धूळ किंमत वाढवते हा समज त्या एका फेरारीवरून बांधू नये.

आपल्या वाचकांना जवळची वाटणारी बाब संस्थानिकांच्या मोटारींची. इंदूरचे यशवंतराव होळकर यांची, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली ड्यूसेनबर्ग ही अमेरिकी मोटार जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे आणि तिचे कागद पक्के आहेत. परंतु लिलावांत ‘महाराजांची गाडी’ हे शब्द फार सैल वापरले जातात, याचे मला मनापासून दुःख आहे. कोणत्या महाराजांची, कोणत्या साली मागवलेली, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांवर विश्वास ठेवू नये. रोल्स-रॉइसच्या बाबतीत उत्तर मिळू शकते, कारण कारखान्याची मूळ चॅसी कार्डे इंग्लंडमधील त्यांच्या रसिकांच्या क्लबने नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये जपून ठेवली आहेत आणि त्यांवर पहिल्या ग्राहकाचे नाव असते. भारतातही आता 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 सालच्या केंद्रीय नियमांनुसार वेगळी नोंदणी मिळते, त्यामुळे पुढच्या पिढीला निदान एवढी नोंद तरी सलग मिळेल अशी माझी आशा आहे.

वेळेचे म्हणाल, तर जानेवारीत ॲरिझोना, फेब्रुवारीच्या सुमारास पॅरिस, मार्चमध्ये फ्लोरिडा आणि ऑगस्टच्या मध्याला माँटेरे एवढे धरले तरी वर्ष भरते. माँटेरेचा संध्याकाळी 5 चा लिलाव आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरू होतो, तर पॅरिसचे दुपारचे लिलाव आपल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालतात. ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या अमेरिकी स्थळावर मात्र रोजच गाड्या येतात. तिथे शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली, की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते आणि जाणकार लोक विक्रेत्याला उघडपणे प्रश्न विचारतात. शिकण्यासाठी मी त्या प्रश्नोत्तरांना रंगीत पुस्तिकेपेक्षा वरचे स्थान देतो.

पाहताना एक वही जवळ ठेवावी. मी तीत चॅसी क्रमांक, तारीख, अंदाज, हातोड्याची किंमत आणि वर्णनातील एखादे वाक्य जसेच्या तसे लिहितो; परत गेलेल्या गाड्यांची तर आवर्जून. बाजार एकाच दिशेने जात नाही हे त्यामुळे कळते. 1988 मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यानंतर किमती वेड्यासारख्या चढल्या आणि 1990 नंतर कोसळल्या; 2010च्या दशकाच्या मध्यानंतर ई-टाइपही बरीच उतरली. माझ्या वहीत एक सपाट तळाची ई-टाइप आहे, जी पहिल्यांदा आली तेव्हा ‘मूळ इंजिनासह’ होती आणि काही वर्षांनी दुसऱ्या देशात आली तेव्हा ‘योग्य प्रकारच्या इंजिनासह’ होती. दोन्ही वेळा ती परत गेली. ती तिसऱ्यांदा येईल तेव्हा वर्णनात काय लिहिलेले असेल, याची मी वाट पाहतो आहे.