आई-बाबांना लेस्टरजवळ झाडीत फिरायला न्यायचंय, पण चढ नको. कुठे जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता, मे-जूनमध्ये आई-बाबा येताहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास, आईंचे गुडघे दुखतात. देऊळ आणि दुकानं दोन आठवड्यांत पाहून संपतील, मग पुढे काय? सपाट, सोपं, झाडीतलं चालणं जवळपास कुठे मिळेल?

लेक डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे दूरच्या डोंगर-तळ्यांच्या भागाच्या, याद्या करत बसू नका. तुमच्या पश्चिमेला, गाडीने पाऊण तासाच्या आत, नॅशनल फॉरेस्ट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. तिथे एकदा नव्हे, दर आठवड्याला न्या.

नावावरून ताडोबासारखं एकसंध, घनदाट जंगल डोळ्यांसमोर येईल, तसं ते नाही. लेस्टरशायर, डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर या तीन काउंट्यांत (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) मिळून सुमारे 200 चौरस मैलांचा हा टापू आहे. त्यात गावं आहेत, शेतं आहेत, कारखाने आहेत आणि या सगळ्यांच्या मधेमधे नव्याने लावलेली झाडी. पूर्वेला चार्नवूड आणि पश्चिमेला नीडवूड ही दोन जुनी वनं, त्यांना नव्या झाडीने जोडायचं अशी ही कल्पना. मधल्या पट्ट्यात कोळशाच्या आणि मातीच्या खाणी होत्या. 1980च्या दशकात आणि 1990च्या सुमारास कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. मागे उरली उकरलेली जमीन, काळे ढीग आणि काम गेलेली माणसं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला इथे जेमतेम 6 टक्के जमिनीवर झाडं होती. 1995मध्ये या कामासाठी खास कंपनी स्थापन झाली. आज झाडीखालची जमीन 20 टक्क्यांच्या वर आहे आणि 80 लाखांहून जास्त झाडं लावून झाली आहेत. म्हणजे तुम्ही ज्या सावलीतून चालाल, तिथली बहुतेक झाडं वयाने तुमच्याहून लहान असतील.

माझे बाबा वणीचे, त्यामुळे कोळशाच्या खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. इथे आले तेव्हा बर्चच्या झाडांखाली उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की या मातीत झाडं जगलीच कशी? त्याचं उत्तर पुढे देतो, कारण तुमच्याकडेही हा प्रश्न निघेल.

आधी सोपेपणाबद्दल, कारण त्यामागे कारण आहे. इंग्लंडमधल्या जुन्या पायवाटा शेतांतून जातात. तिथे कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांना ‘स्टाइल’ म्हणतात. दुखऱ्या गुडघ्यांची परीक्षा तिथेच होते. चिखल वेगळा. खाणीच्या जागेवरच्या झाडीत मात्र सगळंच नव्याने आखलेलं आहे. जमीन यंत्रांनी सपाट करून झाल्यावर वाटा काढल्या, आणि त्या काढताना चाकाची खुर्ची, बाबागाडी, सायकल यांचा विचार आधीच झाला. म्हणून वाटा रुंद आहेत, खडी दाबून बसवलेल्या आहेत आणि ओलांडायच्या पायऱ्या जवळजवळ नाहीत.

पहिल्या दिवशी इब्स्टॉक गावाजवळच्या सेन्स व्हॅली फॉरेस्ट पार्कला न्या. ही उघडी कोळसा खाण होती, आता तिथे तळी आहेत आणि भोवती झाडी. तळ्याकाठची वाट जवळपास सपाट आहे. मधे बाकडी आहेत, दमायला झालं की बसायचं, थर्मासमधला चहा काढायचा. एक-दीड तासात आरामात फेरी होते. मोकळ्या गवताच्या बाजूला गेलात तर डोक्यावर चंडोल गाताना ऐकू येईल. आकाशात ठिपक्याएवढा दिसतो, पण थांबत नाही.

दुसरी फेरी मॉयराची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे गाव मराठी माणसाने पाहायलाच हवं.

मॉयरामध्ये कालव्याच्या काठावर दगड-विटांची एक उंच भट्टी उभी आहे. 1804 ते 1806च्या दरम्यान लोखंड गाळायला ती बांधली. बांधून घेणारा होता फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज, म्हणजे अर्ल ऑफ मॉयरा. गावालाही त्याच्याच पदवीचं नाव मिळालं. भट्टी नीट चालली नाही, थोड्याच वर्षांत बंद पडली. हा अर्ल पुढे 1813मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि नंतर मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज झाला. 1817-18चं तिसरं इंग्रज-मराठा युद्ध याच माणसाच्या कारकिर्दीतलं. नोव्हेंबर 1817मध्ये खडकीची लढाई झाली, पुणं गेलं, पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला आणि त्याची रवानगी बिठूरला झाली. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला ‘लॉर्ड हेस्टिंग्ज’ म्हणून वाचतो, तो हा. वॉरन हेस्टिंग्ज वेगळा, तो याच्या आधीचा. शनिवारवाड्यावरचा जरीपटका ज्याच्या अमदानीत उतरला, त्याची फसलेली भट्टी एका इंग्लिश खेड्यात कालव्याच्या काठी उभी आहे. तुमच्या बाबांना इतिहासाची आवड असेल तर ते इथून लवकर हलणार नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

शेजारचा कालवाही बघण्यासारखा. खालच्या खाणींमुळे जमीन खचत गेली आणि या भागातला ॲशबी कालवा बंद करावा लागला. खूप वर्षांनी मॉयरा आणि डॉनिसथॉर्पजवळचा दीड-एक मैलाचा तुकडा पुन्हा पाण्याने भरला. मुख्य कालव्याला तो अजून जोडलेला नाही, पण चालणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. काठाची वाट सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी. भट्टीपासून डॉनिसथॉर्पच्या वूडलँड पार्कपर्यंत जा आणि परत या. तीही कोळशाचीच जागा, खाण 1990मध्ये बंद झाली. गावातलं कॉंकर्स हे पाहुण्यांसाठीचं केंद्र पूर्वीच्या रॉडन खाणीच्या जागेवर आहे. आत जायला तिकीट आहे, ते मुख्यतः मुलांसाठी. नातवंडं बरोबर असतील तरच घ्या.

तिसरी जागा नॉर्मंटन-ल-हीथजवळचं क्वीन एलिझाबेथ डायमंड ज्युबिली वूड. 460 एकर, 3 लाख झाडं, लागवड 2012पासूनची, म्हणजे सगळ्यात कोवळं. इथे सावली कमी आणि आभाळ जास्त. ऊन कडक असेल त्या दिवशी मी नेणार नाही, ढगाळ दिवशी मात्र जरूर न्या.

आता तो मातीचा प्रश्न. खाणीची माती यंत्रांखाली दाबली जाऊन दगडासारखी झालेली असते, वरचा सुपीक थर पातळ, नायट्रोजन कमी. अशा जागी आधी तग धरणारी झाडं लावतात. आल्डर त्यातलं महत्त्वाचं, कारण आपल्याकडच्या डाळींच्या पिकांप्रमाणे त्याच्याही मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. सोबत पांढऱ्या खोडाचं बर्च, पाइन, आणि हळूहळू वाढणारं ओक. वाढ संथच होते. म्हणून तीस वर्षांचं ओक पाहून आई-बाबा म्हणतील, एवढंसंच? कोवळ्या खोडांभोवती प्लॅस्टिकच्या नळ्या दिसतील, त्या ससे आणि हरणांनी साल कुरतडू नये म्हणून.

दुसरा प्रश्न हमखास येतो: एवढ्या कष्टाने लावलेली झाडं तोडून ओंडके का रचलेत? रोपं मुद्दाम दाट लावतात, साधारण दोन मीटरवर एक, म्हणजे ती उजेडासाठी सरळ वर जातात. वीसेक वर्षांनी विरळणी केली नाही तर सगळीच किडकिडीत राहतात आणि खाली काही उगवत नाही. विरळणी झाली की जमिनीवर ऊन पोचतं, गवत आणि फुलं येतात, फुलपाखरं येतात. काही ठिकाणी कारण दुःखाचं आहे. सुरुवातीच्या लागवडीत ॲशची झाडं भरपूर होती, आणि 2012मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला. उन्हाळ्यातही शेंडे वाळलेलं झाड दिसलं तर ते बहुधा ॲश.

मे महिन्यात कुंपणाकडेचं हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी भरून जातं. निळ्या ब्लूबेलचे गालिचे मात्र नव्या झाडीत शोधू नका, ते जुन्या वनात असतात आणि मेच्या मध्यानंतर ओसरतात. त्यासाठी रॅटबीजवळच्या मार्टिनशॉ वूडला जा. झाडी सुंदर आहे, पण एम-1 महामार्ग तिच्यातूनच गेलाय, गाड्यांचा आवाज पिच्छा सोडत नाही.

ब्रॅडगेट पार्कबद्दल तुम्हाला सगळेच सांगतील, आणि ते खरंच छान आहे. न्यूटाउन लिनफर्डच्या फाटकातून डांबरी वाट नदीकाठाने आत जाते आणि जुन्या वाड्याच्या अवशेषांपाशी पोचते. 1553मध्ये नऊ दिवस राणी झालेल्या लेडी जेन ग्रेच्या घराण्याचा हा वाडा. हरणं मोकळी फिरतात. जूनमध्ये पाडसं गवतात लपलेली असतात, जवळ जाऊ नका. टेकडीवरचा ओल्ड जॉन मनोरा आईंना खालूनच दाखवा. रविवारी दुपारी गर्दी फार, मधल्या वारी सकाळी जा.

शेतातून जायची वेळ आलीच तर घाबरायचं कारण नाही. इथे फुटपाथ म्हणजे शेतातूनही जाणारा वहिवाटीचा रस्ता, शेतमालकाला तो अडवता येत नाही. पायी वाटेचा बाण पिवळा, घोडे आणि सायकलींनाही मोकळ्या वाटेचा निळा. लेस्टरशायरमध्ये पिवळ्या टोकाचे खांब लांबूनच दिसतात, एकापासून दुसरा हेरत जायचं. फाटक उघडलंत तर मागे लावा. गाई वासरांसह असतील तर लांबून वळसा घ्या. वाटेकडेच्या नेटल नावाच्या झुडपाला हात लागू देऊ नका, खाजकुयलीसारखी आग होते. कागदी नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर 245 घ्या, त्यावर नॅशनल फॉरेस्टचा बराचसा भाग येतो.

तयारी फार नको. साधे पकड असलेले बूट, उन्हातसुद्धा एक पातळ रेनकोट, आईंसाठी हलकी काठी. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तुम्ही ऑफिसातून आल्यावरही सेन्स व्हॅलीची फेरी होऊ शकते, फक्त गाडीतळाचं फाटक किती वाजता बंद होतं ते पाटीवर आधी बघा. या भागातल्या कोलव्हिल आणि ॲशबी या गावांना प्रवासी रेल्वे नाही, ती 1964मध्येच बंद झाली, म्हणून गाडी लागेल. स्वच्छतागृहं सगळीकडे नसतात. ज्युबिली वूडला निघण्याआधी वाटेत कुठेतरी थांबा.

अजून एक. आई-बाबा दिवसा घरी एकटे असतील, तर शहराच्या उत्तरेचं वॉटरमीड कंट्री पार्क त्यांना एकदा नीट दाखवून ठेवा. जुन्या रेती-खडीच्या खड्ड्यांची तळी झालीत, वाट सपाट आहे आणि शहरातूनच जाता येतं. शेजारच्या नदीला पूर आला असेल तेवढे दिवस सोडून, त्यांचे ते जाऊन येतील.