बंदुकीचं नंतर, आधी डिंगी उचला

तुमचा प्रश्न असा: अकरा-बारा मीटरच्या शिडाच्या बोटीतून दोघंच लांबच्या सफरीला निघताय, तर चाच्यांची भीती किती धरायची आणि बंदूक ठेवायची का? खासगी बोटींवरून सर्वांत जास्त चोरीला जाते ती डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, आणि तिचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला लावायचं इंजिन. तेही भर समुद्रात नाही. नांगर टाकून तुम्ही झोपलेले असता तेव्हा, नाहीतर किनाऱ्यावर जेवायला गेलेले असता तेव्हा. त्यामुळे पहिली तयारी याची.

अंधार पडल्यावर डिंगी पाण्यात ठेवायची नाही. पुढे एक आणि मागे दोन अशा तीन ठिकाणी दोर बांधून हॅलियार्डने (शीड वर चढवायच्या दोराने) ती बोटीच्या कडेला रेलिंगच्या उंचीपर्यंत उचला. बुडाचं बूच काढून ठेवा. रात्री पाऊस पडला तर पाणी साचून वजन इतकं वाढतं की दोर किंवा कडीच निसटते. सकाळी उतरवण्याआधी बूच परत लावायला मात्र विसरू नका, हे पुष्कळांचं होतं. उचललेली असली तरी कुलूप लावाच, कारण दोर चाकूने कापता येतो.

कुलपासाठी प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक स्टीलची तार बरेच जण वापरतात. चांगल्या कटरपुढे ती काही सेकंदही टिकत नाही. 10 मिमीची कठीण पोलादाची साखळी जड असते, गंजते, पण ती कापायला मोठं हत्यार आणि वेळ लागतो. ती आउटबोर्ड, पेट्रोलची टाकी आणि धक्क्यावरची कडी या तिन्हींतून जाईल एवढी लांब हवी. आउटबोर्डच्या दोन्ही क्लॅम्पच्या मुठींवर सरकवायचं नळीसारखं कुलूप मिळतं, ते घ्याच. शिवाय इंजिन डिंगीच्या मागच्या फळीला आरपार बोल्टने बसवा. नवं कोरं, कंपनीचं नाव झळकणारं इंजिन आधी उचललं जातं, म्हणून त्यावर भडक रंग फासा. जितकं विद्रूप, तितकं बरं. आणि डिंगीवर बोटीचं नाव लिहू नका. धक्क्यावर ती दिसली की मोठी बोट रिकामी आहे हे कुणालाही कळतं.

रात्री बोटीवर कुणी चढतं तेव्हा दार बहुधा उघडंच असतं. उष्ण प्रदेशात हॅच (डेकवरून केबिनमध्ये उतरायचं झाकणाचं दार) बंद करून झोपवत नाही, हे खरं कारण. त्यावर उपाय म्हणजे हवा येऊ देणारी, आतून कडी लागणारी स्टीलच्या गजांची जाळी. पण आग लागली तर ती अंधारात, चाचपडत, एका हाताने उघडता आली पाहिजे. हालचाल टिपणारे सेन्सर झुलत्या बोटीवर उगाच वाजत राहतात आणि तिसऱ्या रात्री माणूस ते बंद करून टाकतो. त्यापेक्षा कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत) पायाखाली दाबली जाणारी चटई आणि तिला जोडलेला भोंगा बरा. डोलकाठीवरच्या दिव्यांचं बटण बिछान्याशी घ्या: आलेल्याचे डोळे दिपतात आणि तुम्ही अंधारात राहता. चोराला पळायला वाट मोकळी ठेवा. तो केबिनमध्ये शिरलाच तर थोडी रोकड, जुना फोन आणि बाद झालेली कार्डं असलेलं पाकीट त्याच्या हाती द्या.

आता बंदूक. बहुतेक देशांत ती बंदरात शिरताच जाहीर करावी लागते आणि अनेक ठिकाणी निघेपर्यंत कस्टम्स ताब्यात घेतं. म्हणजे जिथे लूट होते, त्या नांगराच्या जागी ती तुमच्याजवळ नसतेच. लपवलीत तर तुरुंगाची तयारी ठेवा. डिसेंबर 2001 मध्ये ब्राझीलमध्ये मकापाजवळ लुटारू बोटीवर चढले तेव्हा न्यूझीलंडचे नामांकित नाविक सर पीटर ब्लेक यांनी रायफल उचलली. एक लुटारू जखमी झाला, ब्लेक मात्र जिवाला मुकले. माझं मत स्पष्ट आहे: बंदूक नको.

खरी चाचेगिरी, म्हणजे खुल्या समुद्रातली, मार्ग आखतानाच टाळायची. 5-6 नॉटचा वेग आणि पाण्यापासून हातभर उंचीचा डेक घेऊन स्पीडबोटीपुढे पळता येत नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये सोमाली चाच्यांनी अरबी समुद्रात ‘क्वेस्ट’ ही याट पकडली; अमेरिकी युद्धनौका मागावर असूनही चारही अमेरिकी मारले गेले. एडनच्या आखाताकडे खासगी बोटींनी फिरकूच नये, असं मला वाटतं. बोट मालवाहू जहाजावर चढवून पाठवा किंवा केप ऑफ गुड होपला वळसा घाला. महाग पडेल, वेळ जाईल. तरीही त्या भागात जाणारच असाल तर निघण्याआधी जहाजांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओ केंद्राकडे नोंद करा.

वेगाने अंगावर येणारी प्रत्येक होडी चाच्यांची नसते, हेही लक्षात असू द्या. पुष्कळदा तुम्ही त्यांच्या जाळ्यावर जाताय म्हणून मच्छीमार हातवारे करत धावत येतात. आधी वेग कमी करा, पुढे तरंगणारे बोये किंवा झेंडे दिसतात का बघा.

निघण्यापूर्वी आउटबोर्डचा आणि बोटीचा अनुक्रमांक फोटोसह किनाऱ्यावरच्या माणसाकडे ठेवा. चोरी झालीच तर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल 16 वर कळवा आणि पोलिसांत लेखी तक्रार करा. तुटलेली साखळी व कुलूप फेकू नका: बऱ्याच विमा पॉलिसींत आउटबोर्डची भरपाई ते जबरदस्तीने काढल्याचा पुरावा असेल तरच मिळते.