व्हॅम दिले, तरी सर्पगंधा वाढेना

प्रश्न : सर्पगंधेची रोपे पिशव्यांत लावल्यावर महिन्याने मातीवर व्हॅमची, म्हणजे मुळांत राहून झाडाला साथ देणाऱ्या बुरशीची, भुकटी पसरली. सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खतही दिले. रोपे कोलमडू नयेत म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली. दोन महिन्यांत काहीच फरक नाही. भुकटी खराब असेल का?

उत्तर : असेलही, पण चांगली भुकटीसुद्धा इथे लागली नसती. ही बुरशी जिवंत मुळात शिरल्याशिवाय वाढत नाही. वर पसरलेले बीजाणू तिथेच वाळतात. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीतला स्फुरद संपला, की तिचे तंतू पलीकडचा आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात. स्फुरद आयता मिळाला की रोपच तिला थारा देत नाही. कार्बेन्डाझिम तर तिलाही मारक आहे.

पुढच्या खेपेला किलोभर मातीच्या पिशवीत ५ ते १० ग्रॅम भुकटी ३-४ सेंटिमीटर खोल, थेट मुळांखाली घाला. सुपर फॉस्फेट टाळा. मूठभर चांगले कुजलेले शेणखत पुरते. कोलमड बहुधा पाणी साचल्याने होते, म्हणून मातीत एक तृतीयांश वाळू मिसळा.

६ ते ८ आठवड्यांनी बारीक तंतुमुळे तपासा, जाड मुळे नकोत. हातमोजे घालून ती १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ९० अंशांवर तासभर ठेवा, नीट धुवा आणि ५ टक्के शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटे उकळा. मग व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात जादा रंग उतरू द्या. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या आत झाडासारखे फाटे किंवा गोल पिशव्या दिसल्या, तर बुरशी लागली. सगळ्याच शाया चढत नाहीत. आधी कांद्याच्या मुळावर पाहा.

प्रश्न : जंगलातल्या झाडाखालची माती आणून घातली तर?

उत्तर : दुर्मीळ झाडाची मुळे उघडी पाडणे हाच मोठा तोटा, शिवाय मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी येतात ते वेगळेच. परवानगीने वाटीभर माती मिळालीच, तर ती निर्जंतुक वाळू-मातीत मिसळून त्यात मका वाढवा. तीन-चार महिन्यांनी पाणी तोडा, दहा-पंधरा दिवसांनी शेंडा कापा. मुळांचे तुकडे आणि माती, दोन्ही विरजण म्हणून चालतात. एका वाटीतून कुंडीभर विरजण होते, म्हणून जंगलात पुन्हा जायची गरज उरत नाही.

प्रश्न : जीवक या औषधी वनस्पतीलाही हेच व्हॅम चालेल?

उत्तर : नाही. जीवक ऑर्किड आहे. त्याच्या धुळीएवढ्या बीमध्ये साठवलेले अन्न जवळपास नसते. निसर्गात ते वेगळ्याच गटातली बुरशी पुरवते. व्हॅमचे पैसे इथे वाया जातील.