लिटर मोज, ॲव्हरेज नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. छोटी गाडी घेऊ का, पेट्रोल की सीएनजी, आणि कुठली ॲव्हरेज जास्त देते, असे तीन प्रश्न तू एका दमात विचारलेस. यांची उत्तरं फोनवरही देता आली असती. पण जो प्रश्न तू विचारलाच नाहीस तो या तिन्हींपेक्षा मोठा आहे. दारात अण्णांची गाडी उभी आहे, तिचं काय करणार? ते फोनवर बोलायला लागलो असतो तर तू "बघू काका" म्हणून विषय संपवला असतास. म्हणून लिहितोय.

आधी तुझा रस्ता बघू. कोल्हापुरात शिवाजी पेठेतून निघून संभाजीनगरवरून शाहू नाक्याकडं, तिथून हायवेला लागून गोकुळ शिरगाव, कागल, आणि पुढं फाइव्ह स्टार एमआयडीसी. जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर धर. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे 1,250 किलोमीटर. अण्णांची गाडी दोन टनांच्या आसपासची, आणि आत बसणारा तू एकटा, सोबत डबा. पाव किलो जिरं आणायला ट्रॅक्टर जुंपण्यातला प्रकार. ती लिटरला 11 देते असं तूच म्हणालास, म्हणजे महिन्याला 114 लिटर डिझेल. छोट्या गाडीनं खऱ्या रस्त्यावर 20 दिले तर साडेबासष्ट लिटर पेट्रोल. हिशोबापुरतं डिझेल 90 आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर दहा हजार अडीचशेच्या जागी साडेसहा हजार, म्हणजे महिन्याला 3,700 रुपये वाचतात.

आता इथंच एक गोम आहे, आणि शोरूममध्ये ती कुणी सांगत नाही. ॲव्हरेजचा आकडा डोळ्यांना फसवतो. हजार किलोमीटरला 10 ची गाडी शंभर लिटर पिते, 15 ची पिते सदुसष्ट. फरक तेहतीस लिटरचा. तसाच पाचचाच फरक वर घे, 20 आणि 25. पन्नास लिटर आणि चाळीस लिटर. फरक फक्त दहाचा! म्हणजे जड गाडीवरून कुठल्याही बऱ्या छोट्या गाडीवर येण्यातच सगळा फायदा आहे. त्यापुढं 24 ची घेऊ की 26 ची घेऊ म्हणून रात्र रात्र व्हिडिओ बघत बसण्यात काही नाही. तू नेमकं तेच करतोयस.

आणि तो 24 किंवा 26 चा आकडा रस्त्यावरचा नसतोच. पुण्यात एआरएआय म्हणून संस्था आहे, तिथं गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगानं पळवतात. समोर शाहू नाक्याचा सिग्नल नसतो, मागं माल नसतो, एसी बंद असतो. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला, खिशाचा हिशोब करायला नाही. खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी कट-ऑफपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत, फुल कर, किलोमीटर लिहून ठेव, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा कट-ऑफपर्यंत भर आणि भाग दे. तीन-चार वेळा केलंस की आकडा स्थिर होतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नकोस.

आता कर्जाकडे ये. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतलंस तर हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास बसतो. वाचणार 3,700. शिवाय दोन गाड्या म्हटल्यावर दोन इन्शुरन्स, दोन सर्व्हिसिंग, दोन गाड्यांचे टायर, आणि पेठेत दोन गाड्यांना जागा. मोठी गाडी दारात ठेवून छोटी घेतलीस तर ती बचत होत नाही, हौस होते. हौस करायला माझी ना नाही, फक्त तिला बचत म्हणू नकोस. मोठी विकून त्या पैशात छोटी बसवलीस, कर्ज शून्य किंवा अगदी थोडं, तर मात्र पहिल्या महिन्यापासून पैसा हातात राहतो.

मला ठाऊक आहे की गाडं अडलंय ते इथंच. अण्णांनी ती गाडी घेतली तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आपल्याकडं गाडी म्हणजे नुसतं वाहन नसतं, वट असते. लग्नाच्या बोलणीला जाताना कुठल्या गाडीतून उतरलास हे लोक बघतात. छोटी गाडी आणलीस की तालमीच्या कट्ट्यावर "काय लेका, धंदा बसला का?" असं कुणीतरी विचारणारच. विचारू दे. टाटांच्या नॅनोचं बघ. 2009 साली बाजारात आली, 624 सीसीचं इंजिन, गल्लीबोळांसाठी अगदी बेतलेली. पण "सर्वांत स्वस्त" हा शिक्का बसला आणि ज्यांना ती परवडत होती त्यांनाच ती दारात नकोशी झाली. 2018 पर्यंत तिचं उत्पादन थांबल्यात जमा झालं. याउलट 1983 साली आलेली 796 सीसीची मारुती 800 लोकांनी डोक्यावर घेतली, कारण ती घेणं म्हणजे वर चढणं होतं. नॅनो घेणं म्हणजे खाली उतरणं वाटलं. लांबीनं दोघी जवळजवळ सारख्याच होत्या.

अण्णांशी बोलताना पेट्रोलचा हिशोब पुढं करू नकोस, त्यांना तो अपमान वाटेल. त्यांना विचार की वर्षात सात जण मिळून आपण किती वेळा निघतो? जोतिबा, नरसोबाची वाडी, मामाकडचं एखादं कार्य. तेवढ्या दिवसांपुरती मोठी गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं मिळते, आणि अण्णांना मागच्या सीटवर निवांत बसता येतं. त्यांचे गुडघे दुखतात, क्लच दाबणं त्यांना नको झालंय हे मी पाहिलंय. ते स्वतःहून म्हणणार नाहीत. तरीही नाहीच म्हणाले तर वाद घालू नकोस. मग तुझ्याच पाळीतले दोघं-तिघं बघ आणि आठवडा वाटून एकेकाची गाडी काढा. डिझेल तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि नवी गाडीही लागत नाही.

समज अण्णा हो म्हणाले. मग गाडी कुठली?

तुझ्यासाठी पहिली कसोटी सुरक्षिततेची, कारण तुझा निम्म्याहून जास्त रस्ता पुणे-बेंगळुरू हायवेचा आहे. गल्लीतून मंडईत जाणाऱ्याला मी वेगळं सांगितलं असतं. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या धडकवून बघते आणि पाचपैकी तारे देते. तिच्या 2023 च्या चाचणीत अल्टो के10 ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले. टियागोला 2020 मध्ये चार मिळाले होते. अल्टोत 2025 पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आल्या हे चांगलं झालं, पण एअरबॅग ही शेवटची उशी आहे, आधी सांगाडा टिकावा लागतो. माझं मत विचारशील तर दोन किलोमीटर कमी ॲव्हरेज देणारी पण जास्त तारे असलेली घे. वर हिशोब दाखवलाच आहे, 20 च्या पुढं दोन किलोमीटर म्हणजे तुझ्या महिन्यात पाच-सहा लिटर.

सीएनजीचा 33 चा आकडा बघून हुरळू नकोस. तो किलोचा आहे, लिटरचा नाही. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. स्वस्त पडतो हे खरं, आणि महिन्याला 1,250 किलोमीटर पळवलीस तर सीएनजीचे जादा पैसे वसूलही होतील. पण डिकी टाकीत जाते, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करून घ्यावी लागते, आणि पाळी सुटल्यावर पंपावरची रांग तुझ्या झोपेतून कापली जाते. तुझ्या वाटेवरच्या पंपांवर संध्याकाळी सात वाजता एकदा चक्कर मार आणि मग ठरव. इलेक्ट्रिक तुझ्या पन्नास किलोमीटरला झकास बसली असती, पण तुझी गाडी बोळात लागते. वायर कुठून ओढणार?

पेट्रोलबद्दल एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला माहीत असायलाच हवी. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही उसाचं. म्हणजे कुडित्रे-बिद्रीच्या शिवारातला ऊस तुझ्या टाकीत येतो म्हणायला हरकत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं उतरतं. सेकंड हँड घेणार असशील तर एप्रिल 2023 च्या आधीची गाडी ई-20 ला, म्हणजे या वीस टक्केवाल्या पेट्रोलला, चालते का, हे तिच्या पुस्तिकेत बघ. मालकाच्या तोंडावर जाऊ नकोस.

सेकंड हँडचा विषय निघालाच आहे तर नीट ऐक, कारण कोल्हापुरात जुनी गाडी घेताना जे बघावं लागतं ते बाकीच्या शहरांत बघावं लागेलच असं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं काय केलं ते तू पाहिलंयस. तेव्हा बुडालेल्या गाड्या भंगारातच गेल्या असं समजू नकोस. धुवून, पुसून, सेंट मारून फिरतायत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा डाग दिसतो. सीट मागं सरकव आणि खालच्या पट्टीत बोट फिरव. डिकीतलं स्टेपनी उचल, त्याखालच्या खड्ड्यातले बोल्ट गंजलेत का बघ. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी कर आणि मग दार उघड, कुबट वास लपत नाही. इन्शुरन्स क्लेमचा इतिहास माग. देणार नाही म्हणाला तर उठून ये. किमतीचंही सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरायला पाहिजे. जुना भाव सांगणाऱ्याला हे ऐकव.

गाडी आली की चालवायची सवय बदलावी लागेल. मोठ्या गाडीत उंच बसून तू समोरच्याला दाबतोस, ते बंद. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 वरून 100 वर गेलास की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि कागलला पोचायला फरक पडतो दोन-तीन मिनिटांचा. दर पंधरा दिवसांनी चाकांत हवा बघ, दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली, पंपावरचा पोरगा सांगेल ती नाही.

गळीत हंगामात तुझी दुसरी पाळी असेल तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी असते. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची कांडी बाहेर आलेली. छोट्या गाडीचं बॉनेट त्या ट्रॉलीखाली सरळ जातं. रात्री साठच्या वर जाऊ नकोस, हेडलाइटच्या काचा रोज पुस, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात म्हणून रस्ता मोकळा आहे असं समजू नकोस. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे तुला पाठ आहेच. वाहतं पाणी फूटभर असलं तरी एवढी हलकी गाडी तरंगायला लागते. तसल्या दिवशी सुट्टी टाक. पाणी आत गेल्यावर चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंग बोलवायचं. पॉलिसी घेताना इंजिनचं जादा कवच आवर्जून घे, साध्या पॉलिसीत ते धरलेलं नसतं.

रविवारी सकाळी नऊला मी मोकळा आहे. मोठ्या गाडीची आरसी, इन्शुरन्स आणि सर्व्हिसची बिलं घेऊन ये, विकायला किती येतील ते उद्यमनगरात दोघांना विचारू. अण्णांनाही घेऊन ये. त्यांच्याशी मी बोलतो, तू मध्ये बोलू नकोस.

तुझा,
काका